शाश्वत विकासाची उद्दिष्टे आणि शासनाची क्षमता : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात एक अभ्यास

प्रास्ताविक

२५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत जगातील सर्व सदस्य राष्ट्रांनी एक ठराव संमत केला. २०३० सालापर्यंत जगातून दारिद्र्य आणि उपासमार नाहीशी करावी, प्रत्येक मुलाला शिक्षण आणि प्रत्येक घराला शुद्ध पाणी मिळावे, स्त्री-पुरुष विषमता व सामाजिक विषमता कमी व्हावी आणि हे सर्व करताना पृथ्वीची नासाडी होऊ नये, असा त्या ठरावाचा आशय आहे. यालाच शाश्वत विकासाची उद्दिष्टे असे म्हणतात. ती एकूण १७ असून त्यांच्या पोटात १६९ लक्ष्ये आहेत. १ जानेवारी २०१६ पासून त्यांची मुदत सुरू झाली. भारत सरकारने या ठरावाला मान्यता दिली आहे.

स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ही १७ उद्दिष्टे पाठ असतात. पहिले कोणते, सहावे कोणते, दहावे कोणते, हे ते चटकन सांगतात. परंतु अभ्यासवर्गात एखादा विद्यार्थी जेव्हा विचारतो, "हे सगळे करणार कोण, आणि करणाऱ्याच्या अंगात तेवढे बळ आहे का?" तेव्हा उत्तर पुस्तकात सापडत नाही. आमच्या मते हाच खरा प्रश्न आहे. उद्दिष्ट ठरविणे सोपे असते. ते पार पाडण्याची शासनाची क्षमता कशाने बनते, ती कोठे कमी पडते आणि ती वाढविण्यात आपल्यासारख्या सामान्य नागरिकांचा काही हात आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणे शक्यतो आपल्या सोलापूर जिल्ह्यातील व महाराष्ट्रातील घेतली आहेत, कारण आपल्या डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीवरून दूरची गोष्ट लवकर कळते.

जबाबदारी कोणाची?

सर्वप्रथम ही जबाबदारी कशी वाटली गेली आहे ते पाहू. १९५० साली स्थापन झालेला नियोजन आयोग बंद होऊन १ जानेवारी २०१५ रोजी नीती आयोग अस्तित्वात आला. शाश्वत विकास उद्दिष्टांच्या कामाचा समन्वय या आयोगाकडे आहे. किती प्रगती झाली हे मोजण्यासाठी कोणते निर्देशांक वापरावयाचे, हे ठरविण्याचे काम केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाकडे आहे. डिसेंबर २०१८ पासून नीती आयोग राज्यांना गुण देतो. पहिल्या वर्षी १०० पैकी संपूर्ण देशाला ५७ गुण मिळाले होते, तर २०२३-२४ च्या अहवालात ७१ मिळाले. म्हणजे कागदावर प्रगती आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

परंतु येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आंतरराष्ट्रीय ठरावावर सही करते ते केंद्र सरकार. प्रत्यक्षात मात्र पाणीपुरवठा, आरोग्य, शेती, स्थानिक संस्था हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्यांचे आहेत, आणि शिक्षण हा विषय १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे. त्याही खाली १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींना २९ आणि नगरपालिकांना १८ विषय सुचविले. वचन दिल्लीने द्यावयाचे, हुकूम मुंबईने काढावयाचा आणि काम ग्रामसेवकाने किंवा महापालिकेच्या अभियंत्याने करावयाचे, अशी ही तीन मजली रचना आहे.

पैसा वरच्या मजल्यावर जमा होतो आणि काम खालच्या मजल्यावर असते, ही अडचण आजची नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर लिहिलेला ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशाच्या वाटणीचा इतिहास हाच त्या ग्रंथाचा विषय आहे. शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी ज्या विषयाचा इतका सूक्ष्म अभ्यास केला, तो विषय आपल्या विद्यार्थ्यांनी कंटाळवाणा म्हणून बाजूस सारू नये, अशी आमची नम्र सूचना आहे.

क्षमता म्हणजे काय?

शासनाची क्षमता म्हणजे केवळ तिजोरीतील पैसा नव्हे. आमच्या समजुतीप्रमाणे ती पाच कड्यांची साखळी आहे.

(१) कायदा : नागरिकाला हक्काने मागता येईल अशी तरतूद.
(२) पैसा : त्याच कामासाठी राखून ठेवलेला आणि वेळेवर पोचणारा निधी.
(३) माणसे : काम जाणणारे, जागेवर असलेले कर्मचारी व लोकांना उत्तरदायी असलेले प्रतिनिधी.
(४) मोजणी : कोण मागे राहिले हे दाखविणारी खरी आकडेवारी.
(५) शेवटची खिडकी : जेथे लाभार्थी प्रत्यक्ष उभा राहतो ती जागा, मग ती शाळा असो, तलाठ्याची सजा असो की बँक असो.

साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत कडीएवढीच असते. चार कड्या पोलादी असून पाचवी सुतळीची असेल, तर बादली विहिरीतच राहते. आता तीन उदाहरणांवरून हे तपासून पाहू.

पहिले उदाहरण : रोजगार हमी

सोलापूर हा जुन्या काळापासून दुष्काळाचा जिल्हा. वर्षाचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात हा जिल्हा होरपळून निघाला होता. सोलापूरजवळचा एकरूख म्हणजेच हिप्परग्याचा तलाव १८७१ साली पुरा झाला, तरीही ही स्थिती झाली. त्यानंतरचा मोठा दुष्काळ १९७२ चा. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना खडी फोडण्याची कामे, पाझर तलाव, नाला बंडिंग आणि सुकडीचे वाटप अजून आठवते. ज्यांना जमीन नाही किंवा असून नसल्यासारखी आहे, अशा आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांना त्या कामांनीच जगविले.

पण दुष्काळी काम ही सरकारची दया होती. ते काम हा मजुराचा हक्क व्हावा, ही कल्पना महाराष्ट्रात रुजली. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे हे या योजनेचे शिल्पकार मानले जातात. योजना १९७२ मध्ये सुरू झाली. १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा, असे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले.

आता पैशाची कडी पाहा. केवळ कायदा करून राज्य थांबले नाही. १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला तो मुख्यतः या योजनेसाठी, आणि जमलेल्या कराएवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावयाची असे ठरले. आमच्यासारख्या नोकरदारांच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी जी कपात दिसते ती हीच. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामासाठी कर द्यावा, हा विचार त्या काळात फार मोठा होता. पगारपत्रक हातात पडले की कपातीबद्दल कुरकुर करणाऱ्या आपल्या नोकरदार बांधवांनी हा इतिहास जरूर ध्यानात ठेवावा.

महाराष्ट्राच्या या अनुभवाचा आधार २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याला मिळाला. त्या कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली आणि अकुशल मजुरीचा संपूर्ण खर्च केंद्राने उचलला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ करण्यात आले, परंतु बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागेल अशी तरतूद झाली. दिवस वाढले म्हणून आनंद मानावा, की राज्याचा वाटा वेळेवर येईल काय याची चिंता करावी? क्षमतेच्या दृष्टीने पाहणाऱ्याने दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाहिल्या पाहिजेत. कायद्याची कडी आणि पैशाची कडी एकत्र असली तरच हमी ही हमी राहते.

या उदाहरणातून एक धडा मिळतो. आपल्या शासनाला क्षमता नाही असे म्हणणे बरोबर नाही. १९७२ साली संगणक नव्हते, खेड्यापाड्यांत फोन नव्हते, तरी लाखो माणसांना काम देता आले. जेथे मागण्याचा हक्क आणि राखून ठेवलेला पैसा यांची जोड मिळाली, तेथे क्षमता उभी राहिली.

दुसरे उदाहरण : मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती

हे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांच्या थेट जिव्हाळ्याचे आहे. चौथे उद्दिष्ट शिक्षणाचे आणि दहावे विषमता कमी करण्याचे. आपल्या देशात ही दोन्ही उद्दिष्टे ज्या एका योजनेत एकत्र येतात ती म्हणजे अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयना सादर केले आणि त्यात उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी केली. ही शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. स्वातंत्र्याच्याही आधीची ही योजना संयुक्त राष्ट्रसंघाच्या उद्दिष्टांहून ७१ वर्षांनी वडील आहे! पुढे १९९० च्या कायद्याने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना केंद्राच्या सवलती लागू झाल्या, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहेच.

अशा जुन्या आणि पायाभूत योजनेचीही साखळी कशी तुटते पाहा. पूर्वी राज्यांवर ठरावीक बांधील खर्च टाकून उरलेला भाग केंद्र देत असे. २०१७-१८ नंतर या सूत्रामुळे बहुतेक भार राज्यांवर पडला आणि केंद्राचा हिस्सा वर्षाला सुमारे ११०० कोटी रुपयांपर्यंत खाली आला. अनेक राज्यांत शिष्यवृत्ती थकली. विद्यार्थ्यांचे निकाल, दाखले अडले. शेवटी २३ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के म्हणजे ३५,५३४ कोटी आणि उरलेला राज्यांचा. योजनेचे नाव तेच, हेतू तोच, विद्यार्थीही तेच. फरक पडला तो वाटणीच्या सूत्राने. म्हणून आम्ही म्हणतो की अर्थसंकल्पातील कंटाळवाण्या ओळी वाचावयास शिकले पाहिजे. मुलाच्या शिक्षणाचे भवितव्य अनेकदा त्या ओळींत दडलेले असते.

नव्या पद्धतीत राज्याने आपला वाटा दिल्यानंतर केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. मधला दलाल गेला, हे चांगले झाले. पण आता सारा भार शेवटच्या खिडकीवर आला, आणि ही खिडकी आमच्या रोजच्या कामाची असल्याने त्याविषयी चार शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे.

आधारवर आधारित पद्धतीत रक्कम अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जाईलच असे नाही. विद्यार्थ्याचा आधार क्रमांक ज्या बँकेशी सर्वांत शेवटी जोडला गेला असेल, त्या बँकेतील खात्यात ती जाते. एखाद्याने गावी असताना एक खाते काढले, पुढे सोलापुरात महाविद्यालयात आल्यावर दुसरे काढले आणि तेथे आधार जोडला, तर पैसे दुसऱ्या खात्यात जातात आणि विद्यार्थी पहिल्या पासबुकात नोंद शोधत बसतो. पैसे आलेच नाहीत असे समजून तो समाजकल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवितो. कधी आधारवरील नावाचे आणि शाळेच्या दाखल्यावरील नावाचे स्पेलिंग जुळत नाही. कधी केवायसीची कागदपत्रे न दिल्याने खाते थांबलेले असते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये सर्व बँकांना सूचना दिली आहे की शिष्यवृत्ती किंवा शासकीय लाभासाठी काढलेली शून्य शिलकीची खाती दोन वर्षे व्यवहार झाला नाही म्हणून निष्क्रिय ठरवू नयेत. ही सूचना किती पालकांना ठाऊक आहे?

दिल्लीत ३५ हजार कोटी मंजूर होतात आणि एका मुलीचे काही हजार रुपये नावातील एका अक्षरावरून अडतात. मोठ्या योजनेतील हा फार छोटा दोष वाटेल. पण त्या मुलीच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यापुरती संपूर्ण योजना तेथेच संपते. वसतिगृहाचे पैसे भरता आले नाहीत म्हणून ती गावी परत गेली, तर त्या घरात पुन्हा पदवीधर व्हावयास आणखी एक पिढी जाते.

तिसरे उदाहरण : पाणी

सहावे उद्दिष्ट शुद्ध पाण्याचे. सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या धरणांपैकी ते एक. जिल्ह्यात ऊस आहे, तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. आणि त्याच जिल्ह्याच्या शहरातील गृहिणी गेली अनेक वर्षे तीन, चार, कधी पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी घरातील प्रत्येक भांडे भरून ठेवीत आली आहे. पाणी नाही म्हणून हे घडले असे म्हणावे, तर शंभर किलोमीटरवर धरण भरलेले असते. पाणी आहे, पण ते आणण्याची, साठविण्याची आणि समान वाटण्याची व्यवस्था अपुरी पडली. उजनीपासून शहरापर्यंतच्या समांतर जलवाहिनीचे काम वर्षानुवर्षे लांबत गेले, हे सर्व सोलापूरकर जाणतात.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली तेव्हा शहरात मोठा आनंद झाला होता. ती योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली. काही रस्ते, काही चौक, काही इमारती नव्या झाल्या, हे मान्य. परंतु शहराची पहिली गरज कोणती आणि खर्चाचा पहिला क्रम कोणता, हा प्रश्न झोपडपट्टीतील नळावर उभ्या असलेल्या बाईला विचारला असता तर उत्तर काय मिळाले असते, हे सांगावयास नको.

येथे माणसांची कडी महत्त्वाची ठरते. सोलापूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली साडेतीन वर्षांहून अधिक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. जिल्हा परिषदेतही मार्च २०२२ पासून प्रशासकच आले. प्रशासक कितीही कार्यक्षम असला तरी तो आपल्या प्रभागातील नळाला जबाबदार नसतो. त्याला मत मागावयाचे नसते. शिवाय ग्रामीण स्थानिक संस्थांना वित्त आयोगाचे अनुदान मिळण्यासाठी त्या रीतसर निवडून आलेल्या असणे ही अट आहे. म्हणजे निवडणूक लांबली की प्रतिनिधीही जातो आणि अनुदानही अडते. घटनेने दिलेला तिसरा मजला आपणच रिकामा ठेवला, तर वरच्या दोन मजल्यांवरून पाणी खाली कसे यावे?

खेड्यांचे चित्र पाहू. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन अभियान जाहीर झाले तेव्हा देशातील ग्रामीण घरांपैकी सुमारे १७ टक्के घरांत नळ होता. २०२५ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास गेले. सहा वर्षांत एवढे काम होणे ही लहान गोष्ट नाही. पण मूळ मुदत २०२४ ची होती आणि ती २०२८ पर्यंत वाढवावी लागली. आणखी एक फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. नळ बसणे वेगळे आणि नळाला बारा महिने पाणी येणे वेगळे. पहिल्याची मोजणी होते, दुसऱ्याची क्वचित होते. ठेकेदार नळ बसवून निघून जातो. विजेचे बिल, पंपाची दुरुस्ती, पाणीपट्टी आणि विहिरीला पाणी टिकणे हे सारे ग्रामपंचायतीच्या गळ्यात राहते. 'शाश्वत' या शब्दाचा खरा अर्थ येथे कळतो. जे उद्घाटनानंतरही चालू राहते ते शाश्वत.

मोजणीचा प्रश्न

सरासरी हा आकडा फसवा असतो. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकानुसार महाराष्ट्रातील दरिद्री लोकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १४.८० टक्के होते ते २०१९-२१ मध्ये ७.८१ टक्क्यांवर आले. ही समाधानाची बाब आहे. परंतु राज्याच्या सरासरीत पुणे आणि नंदुरबार एकाच पंक्तीत बसतात, गावाच्या सरासरीत गावठाण आणि आपली वस्ती एकाच पंक्तीत बसते. आपला शेजारी धाराशिव म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातून त्या यादीत नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि उस्मानाबाद हे चार जिल्हे होते. यादीत आल्यामुळे त्या जिल्ह्याच्या आकड्यांकडे दर महिन्याला पाहिले जाऊ लागले. मोजले की लक्ष जाते. म्हणूनच ज्याची मोजणी नाही, त्याचा विसर पडतो.

'कोणालाही मागे ठेवायचे नाही' हे या १७ उद्दिष्टांचे ब्रीद आहे. मागे कोण राहिले हे कळण्यासाठी जनगणना हवी. आपली शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झाली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली असून तीत जातींचीही नोंद घेण्याचा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये झाला. गणक दारात येईल तेव्हा धर्म, जात, शिक्षण, पाण्याची सोय, शौचालय यांविषयी प्रत्येक माहिती अचूक व निःसंकोचपणे द्यावी. ती पुढील अनेक वर्षांच्या निधीची पावती आहे असे समजावे.

राखीव निधीचा हिशेब

अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात अर्थसंकल्पात स्वतंत्र निधी ठेवण्याची पद्धत १९७९ च्या सुमारास विशेष घटक योजना या नावाने सुरू झाली. पुढे तिला अनुसूचित जाती उपयोजना म्हणू लागले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ११.८ टक्के आहे आणि आपल्या जिल्ह्यात ते राज्याच्या सरासरीहून अधिक आहे. निधी ठेवला जातो, परंतु तो वर्षअखेर खर्च न होता परत जाणे किंवा सर्वसाधारण कामाकडे वळविला जाणे ही जुनी तक्रार आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ मध्ये यासाठी कायदे केले. म्हणजे आपण वर पाहिलेली कायद्याची कडी त्यांनी पैशाच्या कडीला जोडली. राज्यघटनेचे ४६ वे कलम दुर्बल घटकांच्या शैक्षणिक व आर्थिक हितसंवर्धनाची जबाबदारी राज्यावर टाकते. त्या मार्गदर्शक तत्त्वाला कायद्याचे हातपाय मिळावेत, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

आपण काय करू शकतो?

शासनाची क्षमता शासनाने वाढवावी, आपण फक्त पाहत राहावे, असे मुळीच नाही. मागणारा जागरूक असला की देणाऱ्याची क्षमता वाढते, हा रोजगार हमीचा धडा आहे. आपल्या संस्थेच्या सभासदांनी आणि विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी कराव्यात असे आम्हास वाटते.

(१) प्रत्येक वस्तीत शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी एक दिवस शिष्यवृत्ती शिबिर घ्यावे. आधार कोणत्या खात्याशी जोडले आहे, नावाची अक्षरे जुळतात काय, केवायसी झाली आहे काय, उत्पन्नाचा व जातीचा दाखला तयार आहे काय, एवढे तपासले तरी निम्मे प्रश्न सुटतात. बँकेत, शाळेत, कचेरीत नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांनी या कामासाठी सुटीचा एक दिवस द्यावा.

(२) ग्रामसभेला न चुकता जावे. २०१५-१६ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमात ग्रामपंचायतीने विकास आराखडा करावयाचा असतो. वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिला होता. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावेत असाही दंडक आहे. हे पैसे कोठे खर्च झाले, असा प्रश्न शांतपणे आणि लेखी विचारावा.

(३) माहितीचा अधिकार अधिनियम २००५ आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ या दोन कायद्यांचा विद्यार्थ्यांनी अभ्यास करावा. दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे हे ठाऊक असलेल्या माणसाला खिडकीवर सहसा 'उद्या या' असे सांगितले जात नाही.

(४) विद्यार्थ्यांनी प्रशासनात, विशेषतः लेखा, सांख्यिकी, अभियांत्रिकी आणि ग्रामविकास या खात्यांत जावे. प्रत्येकाला कलेक्टर व्हावयाचे असते, पण साखळीची खालची कडी प्रामाणिक ग्रामसेवक आणि लेखनिकच मजबूत करतात.

समारोप

संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की संविधान कितीही चांगले असले तरी ते राबविणारी माणसे वाईट निघाली तर ते वाईटच ठरेल. हाच नियम शाश्वत विकासाच्या १७ उद्दिष्टांनाही लागू पडतो. उद्दिष्टे उत्तम आहेत. २०३० साल आता दूर नाही. दिल्लीत किती गुण मिळाले यावर त्यांचे यश ठरणार नाही. उजनीचे पाणी आपल्या वस्तीतील नळाला रोज आले का, मजुराला मागितल्यावर पंधरा दिवसांत काम मिळाले का आणि आपल्या मुलीची शिष्यवृत्ती परीक्षेच्या आधी तिच्या खात्यात जमा झाली का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ते ठरेल.

हे प्रश्न विचारण्याइतका अभ्यास आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने करावा, आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करण्याइतकी चिकाटी आपल्या प्रत्येक सभासदाने दाखवावी, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.